कातडे, कांसे आणि ऊन : अतिगोऱ्या त्वचेवरील तपकिरी रंगाचा इतिहास

१

युरोपीय प्रसाधनांच्या इतिहासात एक घटना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ज्या खंडातील कुलीन स्त्रिया आपली त्वचा अधिकाधिक पांढरी दिसावी म्हणून शतकानुशतके शिसेयुक्त सफेद्याचा लेप लावीत आल्या, त्याच खंडातील स्त्रिया विसाव्या शतकात तीच त्वचा तपकिरी दिसावी म्हणून दुसरे चूर्ण लावू लागल्या. ह्या चूर्णास 'ब्राँझर' म्हणतात. ते लावण्याची हौस जात्याच अतिशय गोऱ्या, उन्हात न रापता केवळ भाजून निघणाऱ्या त्वचेच्या स्त्रियांतही दिसते, हे तर विशेषच होय. ह्या बदलाची परंपरा शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे वैद्यक व व्यापार यांच्या इतिहासाबरोबरच शब्दांची साक्षही येथे घेतली आहे.

ह्या बदलाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, युरोपची अभिरुची बदलली व गोरेपणाचा मोह ओसरला. हे स्पष्टीकरण टिकणारे नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

उन्हाने रापण्याला इंग्रजीत जो 'टॅन' हा शब्द आहे तो मूळचा चर्मकाराचा होय. मध्ययुगीन लॅटिनमधील 'तान्नुम' म्हणजे कातडे कमावण्यासाठी कुटलेली ओक वृक्षाची साल. तिच्यावरून कातडे कमावण्याची क्रिया 'टॅन' ठरली, आणि सोळाव्या शतकापासून तोच शब्द उन्हात तपकिरी झालेल्या माणसालाही लागू झाला. रापलेल्या माणसाची तुलना येथे जनावराच्या कातड्याशी आहे. तीत गौरवाचा अंश नाही. फ्रेंचमधील 'आल' हा जुना शब्दही असाच आहे. त्याचा मूळ रोख सुकविणाऱ्या उन्हावाऱ्याकडे असून, त्या उन्हावाऱ्याने चेहऱ्यावर आणलेली कळा हा त्याचा नंतरचा अर्थ होय.

ह्याउलट फ्रेंचमधील 'ब्राँझे' ह्या क्रियापदाचा अर्थ एखाद्या वस्तूला कांशाचा रंग देणे असा होता. विसाव्या शतकात रापलेल्या शरीरासाठी हाच शब्द सर्वत्र रूढ झाला. कातड्याची जागा कांशाने घेतली, म्हणजे उपमान ढोराच्या पाठीवरून उठून पुतळ्यावर गेले. शब्दाच्या ह्या स्थलांतरात सामाजिक प्रतिष्ठेचे स्थलांतर स्पष्ट उमटले आहे.

मराठीशी तुलना केली असता एक मनोरंजक भेद आढळतो. आपण कातडे 'कमावतो', पण ऊन लागलेला चेहरा 'रापतो'. दोन्ही क्रियांना मराठीने एक शब्द दिलेला नाही. मात्र कातड्याचे क्रियापद आपण शरीराला लावतो, ते व्यायामाच्या संदर्भात. 'कमावलेले शरीर' ही प्रशंसा आहे, 'रापलेला चेहरा' हे बहुधा कष्टांचे वर्णन आहे. श्रमाने मिळविलेले बळ मराठीने गौरविले, श्रमाने चढलेला रंग मात्र नाही.

३

जुन्या युरोपात पांढऱ्या त्वचेला जो मान होता त्याचे मूळ घरात बसण्याच्या सवलतीत होते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफोनने लिहिलेल्या 'ओइकोनोमिकस' ह्या संवादात इस्कोमाखस आपल्या पत्नीने सफेदा व तांबडा रंग लावल्याचे सांगतो, आणि त्याऐवजी घरकामाने येणारी कांतीच बरी, असा उपदेश करतो. नैसर्गिक व कृत्रिम कांतीचा वाद इतका जुना आहे. पुढे शिशाच्या सफेद्याचे उच्चकुलीनांत मोठे प्रस्थ माजले. कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया ही १७६० साली ऐन तारुण्यात मृत्यू पावली, ती ह्याच लेपाच्या विषबाधेने, असे मानले जाते. शेतकरी, खलाशी व मोलकरणी उन्हात रापत. गोरेपणा हे उन्हातान्हात राबावे न लागण्याचे लक्षण होते आणि त्यासाठी प्राणही पणाला लागत.

औद्योगिक क्रांतीने हे समीकरण उलटण्याची पूर्वतयारी केली. श्रमिक शेतातून गिरणीत व खाणीत गेला. धुराने कोंदलेल्या शहरांत त्याची मुले फिकट व मुडदुसाने वाकलेली दिसू लागली. आता फिकटपणा हा श्रीमंतीचा एकमेव पुरावा राहिला नाही. त्यात वैद्यकाची भर पडली. क्षयजन्य त्वचारोगावरील प्रकाशोपचाराबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे क्षयरोग्यांसाठी सूर्योपचारगृह उघडले. १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी बर्लिनमध्ये अतिनील दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा होतो हे दाखविले. ऊन हे औषध ठरले.

ह्यानंतर फॅशनचा क्रम लागतो. गाब्रिएल शानेल ही १९२३ च्या सुमारास नौकाविहाराहून रापून परतली आणि एका रात्रीत जग बदलले, ही कथा फार सांगितली जाते. परंतु वरील तयारी लक्षात घेता सारे श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासाला धरून होणार नाही. फ्रान्सचा दक्षिण किनारा पूर्वी हिवाळ्यात जाण्याचे ठिकाण होता; १९२० नंतरच्या दशकात तो उन्हाळ्याचे ठिकाण झाला. झाँ पातू यांचे सूर्यस्नानाचे तेल १९२७ साली व लोरेआलचे 'आंब्र सोलेर' १९३५ साली बाजारात आले. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. उन्हात पडून राहण्याची सवड आता सामान्यांच्याही आवाक्यात येऊ लागली, आणि सवडीचे लक्षण म्हणून रापलेपणाला मागणी आली.

४

ऊन न लागता तो रंग मिळविण्याचे प्रयत्न तीन टप्प्यांनी झाले. दुसऱ्या महायुद्धात रेशीम व नायलॉन लष्करी कामाकडे वळल्यामुळे ब्रिटन व अमेरिकेतील स्त्रियांनी पायांना तपकिरी द्रव फासला आणि पोटरीवर पेन्सिलीने मोज्यांची शिवण रेखाटली. येथे अनुकरण उन्हाचे नसून मोज्यांचे होते. पण गोऱ्या कातडीला तपकिरी रंग फासण्याचा सराव ह्या निमित्ताने झाला. दुसरा टप्पा प्रयोगशाळेतला. १९५० नंतरच्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात ईव्हा विटगेनस्टाइन ह्या ग्लायकोजेन-संचयाच्या विकारासंबंधी मुलांना डायहायड्रॉक्सीॲसिटोन देत असता, ते अंगावर सांडले की काही तासांत त्वचा तपकिरी होते, परंतु कपडे डागाळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी त्या शर्करेची क्रिया होते. भाजताना पावाला तपकिरी रंग येतो तो ह्याच जातीच्या क्रियेने. तो थर झडला की रंगही आठवड्याभरात जातो. १९६० साली ह्या द्रव्याचे लोशन 'कॉपरटोन'ने विक्रीस आणले. तिसरा टप्पा म्हणजे चूर्ण. गेर्लँ ह्या फ्रेंच पेढीने १९८४ साली आपले चूर्ण 'टेराकोटा', म्हणजे भाजलेली माती, ह्या नावाने काढले. कातडे व कांसे यांच्या जोडीला आता कुंभाराची भट्टी आली.

ह्या चूर्णातील मुख्य रंगद्रव्ये लोहाच्या तांबड्या, पिवळ्या व काळ्या ऑक्साइडांची असतात. त्यातील तांबडे म्हणजे गुणाने आपला गेरूच होय. मध्यम वर्णाच्या त्वचेवर ते सहज मिसळते. अतिगोऱ्या त्वचेवर मात्र तेच नारिंगी किंवा मळकट दिसते, आणि मान व कान उघडे पडून लबाडी कळते. म्हणून अशा त्वचेसाठी मूळ वर्णाहून एखाददुसऱ्या छटेनेच गडद व कमी तांबडे चूर्ण निवडून ते विरळ लावतात. आणि तेही कपाळ, गालांची उंच हाडे, नाकाचा दांडा येथेच, म्हणजे जेथे ऊन प्रथम लागते तेथे. रंग कोठे असावा हे येथे सौंदर्याने ठरत नसून कारणाच्या संभाव्यतेने ठरते.

हे स्थान महत्त्वाचे आहे. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, तसे समाज रापलेल्या त्वचेवरून उन्हाचे व सवडीचे अनुमान करीत असे. अतिगोऱ्या त्वचेत असा धूर उठतच नाही. १९९५ साली 'एमसीवनआर' ह्या जनुकाच्या भेदांचा तांबडे केस व गोरी त्वचा यांच्याशी असलेला संबंध दाखविण्यात आला. अशा त्वचेत गडद रंगद्रव्य फार थोडे तयार होते. ऊन लागले की ती लाल होते, सोलते, आणि पुन्हा पांढरी होते. फॅशनने तिच्याकडे जे मागितले ते देणे तिला शरीरतः अशक्य होते. ब्राँझर हे धुराऐवजी वर सोडलेले धुके आहे. लक्षणाचे चिन्ह झाले, आणि चिन्ह खोटे बोलू शकते.

असे असूनही ह्या खोटेपणाचा एक लाभ नाकारता येत नाही. २००९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रापण्यासाठीच्या अतिनील उपकरणांना कर्ककारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले, व त्याच वर्षी ब्राझीलने प्रसाधनासाठी त्यांचा वापर बंद केला. सफेद्याचा लेप विषारी होता. गेरूचे हे चूर्ण खऱ्या उन्हापेक्षा निरुपद्रवी ठरले आहे. मात्र ते उन्हापासून संरक्षण देते, असा समज कोणी करून घेऊ नये.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. युरोपची अभिरुची गडद वर्णाकडे वळली काय? १९७५ साली टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार लावले तेव्हा ते चारच होते, आणि चारही गोऱ्या त्वचेचे. तपकिरी व काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. शास्त्रीय वर्गीकरणातही जन्मतः सावळ्या माणसाला मागाहून जागा मिळाली. फॅशनने गौरविलेला तपकिरी रंग हा मुळात गोऱ्या असलेल्या व्यक्तीचा, तात्पुरता, धुऊन टाकता येणारा रंग होता. जन्मतः तोच वर्ण लाभलेल्याला त्या गौरवाचा वाटा मिळाला नाही. बदलले ते रंगाचे मोल नव्हे. सवड कोणत्या रंगावरून ओळखावी, एवढेच बदलले.

हा निष्कर्ष आपल्याला परका नाही. ज्या १९७५ साली वरील वर्गीकरण आले, त्याच साली भारतात 'फेअर अँड लव्हली' हे मलम विक्रीस आले. २०२० साली त्याच्या नावातील 'फेअर' गेले व त्या जागी 'ग्लो' आले. एकीकडे गोऱ्याला तपकिरी करणारे चूर्ण व दुसरीकडे सावळ्याला गोरे करणारे मलम, यांची दिशा परस्परविरुद्ध असली तरी त्वचेवरून माणसाचे स्थान वाचण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. ही रीत वस्तूंपेक्षा शब्दांत अधिक काळ टिकते. म्हणूनच विवाहाच्या जाहिरातींतील 'गव्हाळ', 'निमगोरी', 'सावळी पण नाकीडोळी नीटस' ह्या शब्दप्रयोगांचा कालक्रमाने संग्रह होणे अगत्याचे आहे. शेवटच्या उदाहरणातील 'पण' ह्या अव्ययापासून एखाद्या विद्यार्थ्याने ह्या कामास आरंभ केला, तरी पुष्कळ हाती लागेल.