यशवंतराव चव्हाण : वकिली ते विधिमंडळ

प्रास्ताविक

वकिली व्यवसायातून विधिमंडळात गेलेल्या नेत्यांची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. यशवंतराव चव्हाण (१९१३-१९८४) हे या परंपरेतील ग्रामीण कुटुंबातून आलेले नेते होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या कायदेविषयक कार्याचा पलूस परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

जडणघडण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. १९३२ मध्ये कराड येथे तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९३८ मध्ये ते बी.ए. व १९४१ मध्ये एलएल.बी. झाले. कराडला वकिली सुरू केली. परंतु १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि व्यवसाय अल्पावधीतच थांबला.

कुंडल परिसरातील प्रयोग

देवराष्ट्र्याजवळील कुंडल आज पलूस तालुक्यात आहे; त्याकाळी ते औंध संस्थानात होते. संस्थानच्या १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींना कारभाराचे व न्यायदानाचे अधिकार दिले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावातील तंटे गावातच मिटवू लागली. गावकरी स्वतःचा कारभार पाहू शकतात, हे दोन्ही प्रयोगांनी दाखविले. मात्र पहिला प्रयोग संस्थानाबरोबर आणि दुसरा चळवळीबरोबर संपला. अशा व्यवस्थेला कायद्याचे स्थैर्य कसे द्यावे, हा प्रश्न उरला.

विधिमंडळातील कार्य

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले व संसदीय सचिव झाले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या शासनाने वसंतराव नाईक समिती नेमली. बलवंतराय मेहता समितीचा भर गटावर होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि जिल्हाधिकारी, आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवले. त्यानुसार झालेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १ मे १९६२ पासून अमलात आला.

निष्कर्ष

या अधिनियमाने गावाला न्यायदानाचा अधिकार परत दिला नाही. अंतिम नियंत्रणही राज्य शासनाकडेच राहिले. त्यामुळे कुंडलच्या प्रयोगांची ही पूर्तता ठरत नाही. तथापि, एखाद्या राजाच्या औदार्यावर किंवा चळवळीच्या जोमावर अवलंबून असलेला स्थानिक कारभार या अधिनियमामुळे ग्रामीण मतदाराचा कायदेशीर हक्क बनला. न्यायालयात अल्पकाळ उभ्या राहिलेल्या या वकिलाचे खरे योगदान येथे दिसते.