चांदमारीतील सुरक्षितता

चांदमारीतील सुरक्षितता : बंदुकीच्या सरावाच्या मैदानावर नेमबाज, लक्ष्यफलकापाशी काम करणारे लोक व आसपासचे रहिवासी यांना गोळीपासून इजा होऊ नये, म्हणून केलेली योजना व पाळावयाचे नियम. वर्तुळाकार लक्ष्यास ‘चांद’ म्हणण्याच्या प्रथेवरून ‘चांदमारी’ हा शब्द रूढ झाला. लष्करी ठाणी असलेल्या अनेक शहरांत तो स्थलनाम म्हणूनही टिकून आहे. पुण्यातील ‘गोळीबार मैदान’ हे नावही अशाच सरावाची आठवण देते. चांदमारीच्या मैदानाचे स्थूलमानाने तीन भाग असतात : नेमबाज जेथून गोळी झाडतात ती गोळीबार रेषा, तिच्यापुढील मोकळी लक्ष्यभूमी आणि लक्ष्यफलकांमागील, गोळ्या अडविणारा मातीचा बांध. प्रत्यक्ष गोळीबार चालू असताना सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात व लक्ष्यभूमी रिकामी असते. धोक्याचा खरा क्षण येतो तो दोन फेऱ्यांच्या मधे. फलक बदलण्यासाठी किंवा नेम तपासण्यासाठी माणसे पुढे चालत जातात आणि बंदुका त्यांच्या पाठीमागे राहतात. मागे राहिलेल्या या बंदुका रिकाम्या आहेत याची खात्री कोणी व कशी द्यावयाची, या एका प्रश्नाला वेगवेगळ्या काळी मिळालेली उत्तरे म्हणजेच चांदमारीतील सुरक्षिततेचा इतिहास होय.

प्रारंभ : हा प्रश्न बंदुकीपेक्षा जुना आहे. इंग्लंडमधील तिरंदाजीच्या मैदानांवर सर्वांनी एकदमच बाण वेचावयास जावे व कोणी पुढे असताना बाण सोडू नये, असा शिरस्ता होता. धोका दिसताच ‘फास्ट’ अशी आरोळी दिली जाई. ‘जागच्या जागी थांबा’ असा तिचा अर्थ असून ती तिरंदाजीत आजही प्रचारात आहे. परंतु धनुष्याला बाण लावलेला आहे की नाही, हे दुरूनही दिसते. बंदुकीचे तसे नाही. भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून सारखीच दिसते. या एका फरकामुळे तिरंदाजांचा साधा शिरस्ता बंदूकधाऱ्यांना अपुरा पडला.

जर्मन भाषिक प्रदेशांत व स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजांचे संघ मध्ययुगाच्या अखेरीपासून अस्तित्वात होते. त्यांच्या उत्सवी स्पर्धांत लक्ष्याजवळ एक खुणकरी असे. तो आडोशाला बसून राही आणि गोळी लागल्यावर पुढे येऊन लांब दांड्याच्या साहाय्याने ती कोठे लागली हे दाखवी. सोळाव्या शतकातील अशा मेळाव्यांत शिस्त राखण्यासाठी ‘प्रिट्शेनमाइस्टर’ नावाचा अधिकारी नेमीत. विदूषकी वेषातील हा अधिकारी नियम मोडणाऱ्याला सर्वांसमक्ष लाकडी फळीचे फटके देई. शिक्षा गमतीची असली, तरी मैदानावर एकाच व्यक्तीचा हुकूम चालावा हे तत्त्व तीत होते. आधुनिक रेंज अधिकाऱ्याचे पद याच तत्त्वावर उभे आहे.

ठासणीच्या बंदुकीचा काळ : तोंडाकडून दारू व गोळी ठासण्याच्या बंदुकीत, एकदा भरलेला बार काढून टाकणे अवघड असे. तो झाडूनच टाकावा लागे, अथवा गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा बसवून गोळी उपसून काढावी लागे. आत बार आहे की नाही हे पाहण्याचा उपाय एकच होता. गज नळीत सोडून तो किती खोल जातो ते पाहणे. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा, चकमकीच्या बंदुकीत रंजक व टोपीच्या बंदुकीत टोपी दूर केली, की बंदूक तात्पुरती निरुपद्रवी होई. मात्र बार आतच राही. शिवाय रंजक पेटूनही मुख्य बार काहीसा उशिराने उडण्याचा प्रकार घडे. त्यामुळे बार उडाला नाही, तरी नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून काही काळ थांबावे, हा नियम पडला. ठासणीच्या बंदुका वापरणारे नेमबाज तो अद्यापि पाळतात. तात्पर्य, या काळात बंदूक रिकामी असल्याचा पुरावा डोळ्यांना दिसत नसे. पुढे जाणाऱ्याला मागे राहिलेल्याच्या स्मरणशक्तीवर व शब्दावर विसंबावे लागे.

विंबल्डन व बिझली : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आट्यांच्या नळीच्या रायफली आल्या आणि नेमबाजीचे अंतर शेकडो यार्डांवर गेले. इंग्लंडमधील हाइद येथे १८५३ मध्ये लष्करी नेमबाजीचे विद्यालय स्थापन झाले. १८५९ मध्ये स्वयंसेवक दलांची चळवळ सुरू झाली व त्याच वर्षी ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या स्पर्धेचे उद्‌घाटन २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने केले. टेकूवर पक्की बसविलेली व्हिटवर्थ रायफल तिने रेशमी दोरी ओढून ४०० यार्डांवरील (सु. ३६६ मी.) लक्ष्यावर झाडली आणि गोळी मध्याच्या अगदी जवळ लागली. बंदूक हातात न घेता झाडलेली ही गोळी समारंभापुरती होती. त्यानंतर मात्र हजारो हौशी स्वयंसेवक मैदानात उतरणार होते आणि त्यांच्या गोळ्यांसमोर खुणकऱ्यांना काम करावयाचे होते.

त्या वेळची लक्ष्ये जाड लोखंडी पत्र्याची असत. गोळी आदळली की शिशाचा डाग उमटे व तो पुढच्या फेरीपूर्वी रंग फासून बुजवावा लागे. खुणकरी लक्ष्याच्या जवळच लोखंडी आडोशात बसे आणि निशाणांनी वा तबकड्यांनी गुण दाखवी. रंग लावण्यासाठी बाहेर पडावयाचे झाल्यास तो प्रथम तांबडे निशाण उभारी. ते दिसताच गोळीबार थांबविणे बंधनकारक असे. या व्यवस्थेत खुणकऱ्याचा जीव एका कापडाच्या तुकड्यावर व ते पाहणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून होता. लोखंडावर फुटणाऱ्या शिशाच्या चिळकांड्यांचा धोका निराळाच.

यावर उपाय म्हणून लोखंडाची जागा पुढे चौकटीवर ताणलेल्या कापडी लक्ष्यांनी घेतली. गोळी कापडातून आरपार जाऊन मागील बांधात रुतते. त्यामुळे लक्ष्याखाली खोल खंदक खणून खुणकऱ्याला त्यात सुरक्षित उभे करणे शक्य झाले. चौकट खाली ओढावयाची, भोक बुजवावयाचे व ती पुन्हा वर सरकवावयाची, या पद्धतीने खुणकऱ्याला जमिनीच्या पातळीवर येण्याचे कारणच उरले नाही. चांदमारीच्या सुरक्षिततेतील ही पहिली मोठी सुधारणा होय. तीत माणसाच्या सावधपणावर भार न टाकता मैदानाची रचनाच बदलण्यात आली.

दरम्यान रायफलींचा पल्ला वाढत गेला. फ्रान्समध्ये १८८४ साली धूरविरहित दारू सिद्ध झाली व गोळ्यांचा वेग आणखी वाढला. लंडनची वस्ती विंबल्डनच्या माळाला येऊन भिडली होती. त्यामुळे स्पर्धा १८९० पासून सरे परगण्यातील बिझली येथे हलविण्यात आल्या. अमेरिकेतही १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली व न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे तिचे मैदान तयार झाले. तेही शतक संपण्यापूर्वीच सोडावे लागले. मैदानाची हद्द कुंपणाने ठरत नाही, तर गोळी जेथवर जाऊ शकते तेथवर ती असते, हे यावरून स्पष्ट झाले. सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या ०·२२ इंच व्यासाच्या लहान काडतुसाची गोळीसुद्धा सु. दीड किमी.पर्यंत जाऊ शकते.

उघडी बंदूक : दुसरी मोठी सुधारणा बंदुकीच्या रचनेतून आली. मागील बाजूने काडतूस भरण्याच्या रायफली ब्रिटिश सैन्यात १८६६ नंतर (स्नायडर) व १८७१ पासून (मार्टिनी-हेन्री) प्रचारात आल्या. या बंदुकीचा मागील भाग उघडला, की काडतुसाची जागा मोकळी असल्याचे कोणालाही दिसते. ठासणीच्या बंदुकीत जी गोष्ट केवळ भरलेल्यालाच ठाऊक असे, ती आता शेजाऱ्याला व अधिकाऱ्यालाही पडताळून पाहता येऊ लागली. ‘बंदूक उघडी ठेवून खाली ठेवणे’ हा आजचा सार्वत्रिक नियम या शक्यतेतून जन्मला.

तथापि त्याबरोबर एक नवा घोटाळाही निर्माण झाला. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीसारख्या मॅगझिन असलेल्या बंदुकांत व पुढे स्वयंभरण पिस्तुलांत काडतुसे दोन ठिकाणी राहू शकतात : मॅगझिनमध्ये आणि नळीच्या मागील कक्षात. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज घातक ठरतो, कारण एक काडतूस कक्षात तसेच राहते. उलट कक्ष आधी रिकामा करून मॅगझिन नंतर काढल्यास, मधल्या हालचालीत नवे काडतूस आत सरकू शकते. म्हणून प्रथम मॅगझिन काढावे, नंतर कक्ष उघडावा व तो डोळ्यांनी आणि अंधार असल्यास बोटानेही तपासावा, हा क्रम ठरून गेला.

भारतातील परिस्थिती : एन्फील्ड रायफलीचे शिक्षण देण्यासाठी १८५७ च्या प्रारंभी डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली होती. पुढे लष्करी छावण्यांबरोबर चांदमारीची मैदाने देशभर पसरली. उघड्या माळावरील युद्धसरावासाठी १९३८ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. त्यानुसार शासन अधिसूचनेद्वारे सरावाचे क्षेत्र ठरविते व धोक्याच्या मुदतीत लोकांना त्या क्षेत्रात येण्यास मनाई करता येते. लष्करी मैदानावर सराव चालू असता तांबडे निशाण उभारतात. विंबल्डनला ते नेमबाजाला ‘थांबा’ म्हणून सांगत असे. येथे ते गुराख्याला व वाटसरूला ‘येऊ नका’ म्हणून सांगते. लक्ष्यभूमीत चालणारा माणूस नेहमी नेमबाजच असतो असे नाही, याची जाणीव या निशाणामागे आहे.

नागरी नेमबाजीला संघटित रूप १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेमुळे आले. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर (१८८८–१९५६) हे तिचे संस्थापक होत. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा हा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारा टप्पा आहे. अनेक लहान रायफल क्लबांत १० मी. अंतरावरील हवेच्या बंदुकीचा कागदी फलक दोरी-कप्पीने मागे ओढून घेता येतो. परंतु २५ व ५० मी. अंतरावर कागदी फलक वापरल्यास नेमबाजाला स्वतः चालत जावे लागते. तेथे सैन्यातील खंदक नसतो व खुणकरीही नसतो. केवळ कवायत असते.

पुढे जाण्याची कवायत : गोळीबार थांबविण्याचा हुकूम रेंज अधिकारी देतो, पण धोका दिसल्यास तो देण्याचा अधिकार मैदानावरील कोणालाही असतो. हुकूम होताच प्रत्येकाने चापावरील बोट काढावे, मॅगझिन काढून कक्ष उघडावा आणि बंदूक लक्ष्याकडे तोंड करून खाली ठेवावी. रिव्हॉल्व्हर असल्यास त्याचे काडतूसचक्र बाहेर काढून ठेवावे. यानंतर सर्वांनी बंदुकांपासून मागे सरावे. अधिकारी प्रत्येक बंदूक स्वतः पाहतो आणि मगच पुढे जाण्यास परवानगी देतो. सर्वांत कडक नियम यापुढचा आहे. एकही माणूस पुढे असेपर्यंत कोणीही बंदुकीला हात लावावयाचा नाही. तिची दुर्बीण पुसणे, पट्टा सारखा करणे, ती पेटीत भरणे वा काडतुसे मोजून ठेवणे, यांपैकी काहीही त्या अवधीत चालत नाही. रिकामी असल्याचे पाहिलेल्या बंदुकीलाही हा नियम लागू आहे. कारण दुरून पाहणाऱ्याला हात कशासाठी पुढे आला हे कळत नाही आणि पुढे गेलेल्याची तर पाठच असते. परत येताना सर्वजण रेषेमागे आल्याची खात्री झाल्याखेरीज पुढची फेरी सुरू होत नाही.

जेफ कूपर (१९२०–२००६) या अमेरिकन शिक्षकाने शस्त्र हाताळणीचे चार नियम लोकप्रिय केले : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, ज्याचा नाश नको, त्यावरून नळीचे तोंड फिरू देऊ नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, आणि लक्ष्य व त्यामागे काय आहे याची खात्री करावी. यांतील पहिला नियम तर्काला विसंगत वाटतो, कारण तपासलेली बंदूक रिकामीच असते. परंतु अनेक अपघात ‘रिकाम्या’ समजलेल्या बंदुकीनेच होतात, हा अनुभव त्यामागे आहे.

आधुनिक साधने : आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (स्थापना १९०७) नियमांनुसार, परवानगी मिळेपर्यंत रायफली व पिस्तुले यांच्या कक्षात भडक रंगाची सुरक्षापट्टी घातलेली असणे आवश्यक आहे. तिचे टोक बाहेर दिसत असल्याने काडतूस आत नसल्याचे दुरूनही कळते. धनुष्याला जो दृश्य पुरावा सहज लाभला होता, तो बंदुकीला अशा रीतीने शतकांनंतर मिळाला. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांनी तर पुढे जाण्याचे प्रयोजनच संपविले आहे. गोळी कोठे लागली हे संवेदक ओळखतात व नेमबाजाला ते जवळच्या पडद्यावर दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक स्पर्धेत ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशा स्पर्धांत फेऱ्यांच्या दरम्यान कोणाही नेमबाजाला लक्ष्यापर्यंत चालत जावे लागत नाही.

परंतु ही साधने महाग आहेत आणि सरावाची असंख्य मैदाने अजून कागदी फलकांवरच चालतात. तेथे खंदक, निशाण व सुरक्षापट्टी यांची जागा शेवटी शिस्तीलाच घ्यावी लागते. बंदूक खाली ठेवून मागे सरणारा नेमबाज पुढे चालणाऱ्याला, न बोलता, त्याच्या जिवाची हमी देत असतो.