तबकडी आणि तिचे यंत्र

यंत्र विकत घ्यावयास गेलेला गृहस्थ दुकानदाराला किंमत विचारतो, हमीची मुदत विचारतो, थोडी घासाघीसही करतो. परंतु 'हे यंत्र कोणकोणत्या भाषा जाणते?' असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तबकड्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे खरा प्रश्न तोच होता, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

एडिसनने १८७७ साली माणसाचा आवाज नळकांड्यावर धरला. दहा वर्षांनी, १८८७ साली, बर्लिनरने तो सपाट तबकडीवर उतरविला. लगेच दोन घराणी झाली. एकाचे नळकांडे दुसऱ्याच्या यंत्रावर चढेना. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर गेला. तेव्हापासून ही वस्तू हळूहळू आपल्या दिवाणखान्यात शिरली. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. घटका घटका रंगणारा ख्याल गवयांना तेवढ्यात बसवावा लागला! पण तबकडी म्हणजे कोणतीही तबकडी नव्हे. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या खाचा खोलीत वरखाली होत, तर इतरांच्या आडव्या हेलकावत. एकीसाठी बनविलेल्या यंत्रावर दुसरी नीट वाजत नसे.

पुढे १९४८ साली मिनिटास तेहतीस फेरे घेणारी लाँगप्ले आली, आणि १९४९ साली पंचेचाळीस फेऱ्यांची धाकटी बहीण. घरात तर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. गिऱ्हाइकाने काय करावे? कारखानदारांनीच तोड काढली : तीन-चार गतींचे यंत्र. एक खुंटी फिरविली, की आजोबांचे नाट्यगीतही वाजे आणि नातवाचे सिनेमागाणेही. आज 'सर्व फॉर्मॅट चालतात' अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या प्लेअरचा हा खरा पूर्वज होय.

आमच्या नाचणगावच्या माणसाला हा घोळ समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या पुलगाव स्टेशनात मोठ्या लाइनीची गाडी येई आणि तेथूनच आर्वीकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुटे. रूळ दोन्हीकडे लोखंडाचेच, डबेही डबेच. पण छोट्या लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर जाणे नाही. ओझे उतरवा, पुन्हा चढवा! आर्वीची ती गाडी आता राहिली नाही. तिचा धडा मात्र राहिला आहे.

१९८२ साली प्रकाशकिरणाने वाचली जाणारी चकचकीत सीडी बाजारात आली. १९९३ साली तिच्यावर चित्र बसवून व्हीसीडी ठरली. एका तबकडीत सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे, म्हणून सिनेमाच्या मध्यावर उठून दुसरी तबकडी घालणे आले. १९९६ साली जपानात डीव्हीडी निघाली. मग १९९९ साली डिव्हएक्स नावाची आकुंचनाची युक्ती पसरली आणि साध्या सीडीवर अख्खा सिनेमा मावू लागला. परंतु जुन्या डीव्हीडी प्लेअरला ही नवी लिपी वाचता येईना. ती वाचणारे प्लेअर पुढच्या काही वर्षांत आले, आणि 'डिव्हएक्स चालतो' हा शब्द खोक्यावर झळकू लागला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. फाइलीच्या नावाअंती असणारे एव्हीआय किंवा एमकेव्ही हे केवळ पेटीचे नाव आहे. पेटीतला मजकूर एमपेग-४ मध्ये आहे की २००३ साली ठरलेल्या एच-२६४ मध्ये, हे पेटीवरून कळत नाही. म्हणूनच दोन फाइलींचे आडनाव एकच असून एक चालते आणि दुसरीला यंत्र नकार देते. पुष्कळ गिऱ्हाइके 'यंत्र बिघडले' म्हणून परत जातात. यंत्र बिचारे फक्त निरक्षर असते.

ही निवड करमणुकीपुरती असती, तर तिच्यावर पाने खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत कित्येक घरांनी मुलीचे लग्न, वडिलांची एकसष्टी, आजीने गायिलेल्या ओव्या तबकडीवर उतरवून कपाटात ठेवल्या. घरी भरलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने खराब होतो. आणि आमचा वैदर्भीय उन्हाळा तर प्रसिद्धच आहे! दुसरीकडे यंत्रेच नाहीशी होत आहेत. व्हिडिओ कॅसेटची यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ते काम थांबविले. आपल्याकडे २००७च्या सुमारास स्वस्त सिनेमा-तबकड्यांचा सुकाळ करणारी मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली.

तेव्हा यंत्र घ्यावयास जाताना आपल्या घरातल्याच चार-पाच तबकड्या सोबत न्याव्या : एक व्हीसीडी, एक डीव्हीडी, एक लग्नाची, एक फाइली भरलेली. दुकानातच त्या लावून पाहाव्या. परदेशातून आलेली तबकडी असेल तर तीही न्यावी, कारण डीव्हीडीला प्रदेशाचा आकडा असतो. भारताचा पाच, अमेरिकेचा एक. यूएसबीचे भोक आहे ना, तेही पाहावे. आणि घरी आल्यावर, तबकडी वाजते आहे तोवरच, तिच्यातला मजकूर संगणकावर उतरवून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या.

पुलगावचे हमाल ओझे उतरवून चढवीत, म्हणून माल पुढे जाई. आपल्या माणसांचे आवाज पुढच्या पिढीच्या गाडीत चढवावयाचे, तर ती हमाली आपणांसच केली पाहिजे.