मेमरी बॅरियर : इंटेलवर चालतं ते एआरएमवर का फसतं?

वेगासाठी प्रोसेसर मेमरीतली कामं पुढं-मागं करतो. समजा, एक कोअर डेटा लिहून 'तयार'ची खूण लावतो. दुसरा खूण बघून डेटा वाचतो. इंटेल-एएमडीच्या एक्स-८६ वर साधं लिखाण इतर कोअरना क्रमानंच दिसतं. एआरएम, पॉवरवर खूण आधी दिसू शकते आणि जुनाच डेटा हाती येतो.

म्हणून बॅरियर दोन्हीकडे हवा : लिहिणाऱ्यानं खुणेआधी, वाचणाऱ्यानं खूण वाचल्यावर. एकीकडेच लावून भागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी 'एसएमपी डब्ल्यूएमबी' आणि 'एसएमपी आरएमबी' आहेत. एक्स-८६ वर ते फक्त कंपायलरला अडवतात. एआरएमवर 'डीएमबी' सूचना घालतात.

मात्र एक जागा लिहून लगेच दुसरी वाचायची, तिथं क्रम महत्त्वाचा असेल तर एक्स-८६ वरही पूर्ण बॅरियर लागतोच. सी भाषेतलं 'व्होलाटाइल' हा त्याला पर्याय नाही.