दात तडकणे

दात तडकणे म्हणजे दाताच्या कठीण भागात भेग पडणे. यात दाताचा तुकडा वेगळा झालेला नसतो. ही भेग चावण्याच्या पृष्ठभागापासून मुळाच्या दिशेने जाते. खालच्या जबड्यातील दाढांमध्ये ती अधिक आढळते. मोडलेले हाड जुळून येते, तशी दातातील भेग भरून येत नाही. म्हणून ती वेळीच ओळखली जाण्यावर दात वाचणे अवलंबून असते. १९६४ मध्ये कॅमेरॉन यांनी या लक्षणसमूहाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव दिले.

कारणे

सुपारी, बर्फ किंवा अन्नातील खडा अचानक चावला जाणे, झोपेत दात खाणे, मार लागणे आणि दाढेत पूर्वी भरलेले मोठे सिमेंट वा चांदी ही प्रमुख कारणे आहेत. केळझरसह वर्धा जिल्ह्यात आणि एकूणच विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाण्याची सवय रूढ आहे. सुपारी दीर्घकाळ चघळल्याने दाढा झिजतात व त्यांना भेगा पडू शकतात. खर्ऱ्यामुळे मुखाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

लक्षणे व निदान

चावताना, विशेषतः चावा सोडताना, क्षणभर तीव्र कळ येते. थंड पदार्थाने दात ठणकतो. वेदना सतत नसल्याने नेमका दात रुग्णाला सांगता येत नाही. भेग बहुधा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. त्यामुळे चित्र निर्दोष असले तरी दात तडकलेला असू शकतो. दंतवैद्य प्रत्येक उंचवट्यावर स्वतंत्रपणे चावायला लावून, प्रखर प्रकाश टाकून किंवा रंगद्रव्य लावून भेग शोधतात.

उपचार

वरवरच्या बारीक रेषांना सहसा उपचार लागत नाहीत. भेग मर्यादित असल्यास दातावर टोपी बसवतात. ती नसेपर्यंत पोहोचली असल्यास आधी रूट कॅनल उपचार करतात. दात मुळापर्यंत दुभंगला असल्यास तो बहुधा काढावा लागतो. उपचार मिळेपर्यंत त्या बाजूने चावू नये. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी, लवंगतेल किंवा तंबाखू ठेवल्यास भेग बुजत नाही. गोळीने हिरडी भाजते.

उपलब्ध सेवा

केळझर हे सेलू तालुक्यातील गाव नागपूर–वर्धा मार्गावर आहे. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय, तर नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.