बराकेकाठचं सिलचर आणि १९ मे



स्मरणिकेच्या बैठकीत संपादक मंडळानं मला फर्मावलं, "तू आसामात होतास ना, चहाच्या मळ्यांवर काहीतरी लिही." चहा मी तिथं भरपूर प्यालो, मळेही पाहिले. पण बँकेच्या नोकरीत सिलचरला काढलेली ती तीन वर्षं आठवली, की मला मळ्यांआधी एक रेल्वे स्टेशन आठवतं आणि नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली एक मुलगी. शाळेच्या स्मरणिकेत तिच्याबद्दल लिहिणं मला जास्त योग्य वाटलं. मात्र तिचं गाव समजल्याशिवाय ती समजत नाही, म्हणून आधी गाव.

आसाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ब्रह्मपुत्रा येते. सिलचर ब्रह्मपुत्रेवर नाही. मधे डोंगरांची मोठी रांग आहे, आणि तिच्या दक्षिणेला बराक नदीचं वेगळंच खोरं आहे. ही बराक मणिपूरच्या डोंगरांत उगम पावते, दक्षिणेकडे वाहत टिपाईमुखपर्यंत जाते आणि तिथं एकदम उत्तरेला वळते. पुढं सपाटीवर आल्यावर तिला काही घाईच उरत नाही. सिलचरपाशी ती इतकी वळणं घेते, की गावात कुठूनही निघा, थोड्या वेळानं नदी आडवी येते. तिथून बदरपूर करत सीमेपाशी तिचे दोन फाटे होतात, सुरमा आणि कुशियारा, आणि दोन्ही बांगलादेशात जातात. म्हणजे या गावाची नदी जिकडे जाते, तो आज परदेश आहे. सिलचरच्या गेल्या शतकाची निम्मी कहाणी या एका वाक्यात आहे.

पाऊस मात्र अगदी आपल्या कोकणासारखा, वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त. पहिल्या पावसाळ्यात मला घरची आठवण आली नाही, कारण घरीच असल्यासारखं वाटत होतं.

गावाचं नाव बंगालीत 'शिलचर' असं उच्चारतात. शील म्हणजे दगड, चर म्हणजे नदीकाठची जागा. दगडी काठावर नावा लागायच्या, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. गाव तसं फार जुनं नाही. हा कछारचा मुलूख डिमासा कचारी राजांचा. त्यांची राजधानी खासपूर सिलचरहून फार लांब नाही, तिथले पडके दरवाजे अजून उभे आहेत. शेवटचा राजा गोविंदचंद्र याचा १८३० मध्ये खून झाला, त्याला वारस नव्हता, आणि १८३२ मध्ये कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. वारस नाही म्हणून संस्थान खालसा, ही गोष्ट आपल्याकडच्या साताऱ्याच्याही आधीची. पुढच्याच वर्षी थॉमस फिशर या अधिकाऱ्यानं आपलं ठाणं नदीकाठच्या जानीगंजला हलवलं. आजचं सिलचर त्याच्याभोवती वाढलं. जानीगंज अजूनही भर बाजाराचा भाग आहे.

मग १८५५ मध्ये या भागात रानटी चहाची झाडं सापडली आणि साहेब मंडळींची रीघ लागली. त्यातून एक गंमत घडली. मणिपुरावर ब्रह्मी लोकांनी स्वारी केल्यानंतर बरेच मणिपुरी कछारमध्ये येऊन राहिले होते. ते घोड्यावर बसून काठीनं चेंडू मारायचा खेळ खेळत. मळेवाल्यांना आणि शेरर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला तो आवडला, आणि १८५९ मध्ये सिलचरला पोलोचा क्लब निघाला. आज राजेरजवाड्यांचा समजला जाणारा हा खेळ इंग्रजांनी या चिखलाच्या गावात निर्वासितांकडून उचलला. आपल्या ड्रिलच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल.

चहाच्या पेट्या पावसाळ्यात आगबोटींनी नदीमार्गे बंगालात उतरत. पुढं आसाम-बंगाल रेल्वे आली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याकडे जाणारी लुमडिंग ते बदरपूर ही घाटातली लाइन विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पुरी झाली. त्या लाइनवर ३७ बोगदे होते. मी प्रथम सिलचरला गेलो तो याच मीटरगेजनं. खंडाळ्याचा घाट ज्यांना लांब वाटतो, त्यांनी या प्रवासाला निघूच नये. २०१५ मध्ये तिथं ब्रॉडगेज आली, तोवर हेच चाललं होतं. पण घाटाची ही वाट सिलचरची मागची वाट होती. पुढची वाट उताराची, म्हणजे सिल्हेट आणि पूर्व बंगालकडे जाणारी. बाजार, लग्नसंबंध, वर्तमानपत्रं, कॉलेजं, सगळं त्या बाजूला. लोकांची बोलीही सिल्हेटी बंगाली.

आता १९४७. सिल्हेट जिल्हा १८७४ पासून प्रशासनाच्या सोयीसाठी आसामात घातलेला होता. फाळणीच्या वेळी तिथं ६ आणि ७ जुलैला सार्वमत झालं. पूर्व बंगालात जाण्याच्या बाजूनं २,३९,६१९ मतं पडली, आसामात राहण्याच्या बाजूनं १,८४,०४१. सिल्हेट पाकिस्तानात गेलं, फक्त करीमगंजकडची साडेतीन ठाणी भारतात राहिली. सिलचरची पुढची वाट त्या दिवशी बंद झाली आणि त्याच वाटेनं उलट्या दिशेनं माणसं येऊ लागली. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत असं घर क्वचितच होतं, ज्यांचं मूळ गाव सीमेपलीकडे नव्हतं. आपण "तुमचं गाव कोणतं?" असं सहज विचारतो. तिथं हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा. हळूहळू मी तो विचारणं सोडलं.

कमला भट्टाचार्य या मुलीचं घर असंच. जन्म सिल्हेटकडचा, वडील लवकर गेलेले. १९५० मध्ये आई आणि भावंडांबरोबर ती सिलचरला आली. मोठी बहीण शाळेत शिक्षिका, तिच्या पगारावर घर चालायचं. कमला छोटेलाल सेठ इन्स्टिट्यूट या शाळेत जायची. क्रमिक पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसत, म्हणून ती वर्गमैत्रिणींची पुस्तकं मागून आणायची आणि वहीत उतरवून काढायची. आपल्या वर्गातही असं करणारे एकदोघे होते. नावं लिहीत नाही, पण ते हे वाचतील आणि आपल्यापैकी कुणाची पुस्तकं नेत होते तेही त्यांना आठवेल.

१९६० साल आपल्याला १ मेसाठी आठवतं. १०६ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर मराठी भाषकांचं राज्य झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आसामच्या विधानसभेनं आसामी ही राज्याची राजभाषा ठरवणारा कायदा मंजूर केला. सिलचरात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्यातला मराठी माणूस पटकन म्हणाला, यात चुकलं काय? आसामात आसामी नाही तर कोणती भाषा? आणि आसामी माणसाचं दुखणंही खरं होतं. इंग्रजांनी १८३६ मध्ये आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली लादली होती, आणि आसामीला आपल्याच घरात परत यायला १८७३ उजाडावं लागलं होतं. ती जखम ते विसरले नव्हते. पण बराक खोऱ्यात बहुसंख्य लोक बंगाली बोलणारे होते, आणि त्यांतले कितीतरी घरदार सोडून आलेले. जमीन गेली, नदीचं मुख गेलं, आता कचेरीतली आणि उद्या शाळेतलीही भाषा जाणार असं त्यांना वाटलं. मला वाटतं, दोन्ही बाजू एकाच भीतीनं बोलत होत्या. मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा हे तर त्या वेळी याच खोऱ्यातल्या बदरपूरमधून निवडून गेलेले होते.

१९६१ च्या फेब्रुवारीत कछार गणसंग्राम परिषद स्थापन झाली. एप्रिलमध्ये पदयात्रा निघाल्या, गावोगाव सभा झाल्या. १९ मे या दिवशी संपूर्ण बंद ठरला. पहाटेपासून सत्याग्रही सिलचरच्या तारापूर स्टेशनात रुळांवर बसले. गाडी सोडायची नाही, एवढाच कार्यक्रम.

कमलाची मॅट्रिकची परीक्षा नुकतीच संपली होती. ती सोळा वर्षांची होती. सकाळी घरातून निघताना आईनं तिला कापडाचा एक तुकडा दिला, अश्रुधूर सोडला तर डोळ्यांना लावायला, असं सांगतात. धाकटी बहीणही बरोबर गेली. दुपारपर्यंत सगळं शांततेत चाललं होतं. मग अटक केलेल्यांना घेऊन जाणारा एक ट्रक स्टेशनाजवळ आला, गोंधळ उडाला, ट्रकला आग लागली. लाठ्या आणि बंदुकांचे दस्ते चालले, आणि दोन वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमाराला गोळीबार सुरू झाला. जेमतेम काही मिनिटांचा. त्या दिवशी नऊ जण गेले, पुढं आणखी दोघे. कमलाला गोळी डोळ्यातून लागली. आईनं दिलेलं ते कापड अश्रुधुरासाठी होतं.

अकरांत सचिंद्र पाल हाही नुकतीच मॅट्रिक दिलेला मुलगा होता. बाकीची नावं वाचली तर सूत्रधार, देबनाथ, बिस्वास, सरकार अशी आडनावं दिसतात. सगळी साध्या घरची माणसं. दुसऱ्या दिवशी बंदी झुगारून लोकांनी त्यांची अंत्ययात्रा काढली.

सरकारला मागं यावं लागलं. लालबहादूर शास्त्री तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते. ते आसामात आले, तोडगा निघाला आणि कायद्यात दुरुस्ती होऊन कछारच्या कारभारात बंगालीला स्थान मिळालं. ते आजही आहे. माझ्या शाखेत लागलेल्या सरकारी परिपत्रकांवर बंगाली अक्षरं दिसायची, तेव्हा मी ती नुसता अक्षरं म्हणून पाहायचो. त्यांची किंमत मला पहिल्या १९ मेला कळली. सकाळपासून माणसं फुलं घेऊन गांधीबागेतल्या हुतात्मा स्मारकाकडे निघाली होती. शाळांतली मुलं रांगेत होती. आमचा शिपाई, एरवी घड्याळाकडे बघून काम करणारा माणूस, त्या दिवशी विचारल्याशिवाय दोन तास गायब झाला आणि परत आल्यावर कुणी त्याला काही म्हटलं नाही. त्या स्टेशनाला भाषा-शहीदांचं नाव द्यावं, ही मागणी आज कित्येक वर्षांची आहे.

एक गोष्ट मात्र तिथले बंगाली लोकही फार मोठ्यानं सांगत नाहीत. बराक खोऱ्यात बंगाली बहुसंख्य असली तरी एकटी नाही. मणिपुरी आहे, डिमासा आहे, मळ्यांतल्या मजुरांच्या बोली आहेत, आणि बिष्णुप्रिया मणिपुरी आहे. आपल्या मुलांना प्राथमिक शाळेत ती भाषा शिकता यावी म्हणून बिष्णुप्रिया लोक वर्षानुवर्षं झगडत होते. १६ मार्च १९९६ रोजी करीमगंज जिल्ह्यातल्या कलकलीघाट स्टेशनाजवळ रेल रोको चालू असताना पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सुदेष्णा सिन्हा ही तरुणी गेली. पुन्हा रूळ, पुन्हा मुलगी, पुन्हा शाळेतली भाषा. या वेळी मागणारे फार थोडे होते, म्हणून बाहेर कुणाला कळलंही नाही.

मी परत आल्यानंतरही सिलचरच्या बातम्या शोधून वाचतो. २०१९ मध्ये नागरिक नोंदवहीची यादी लागली तेव्हा राज्यातली १९ लाखांवर माणसं तीतून वगळली गेली, आणि आजोबा कधी, कुठून आले याचे कागद घराघरात पुन्हा पेट्यांतून बाहेर निघाले. जून २०२२ मध्ये बेथुकांदीचा बंधारा फुटला आणि पावणेदोन लाख वस्तीचं ते गाव आठवड्याहून जास्त पाण्याखाली होतं. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन तीन दिवसांनी लागला. तो गच्चीवर होता. पहिलं वाक्य काय बोलला, तर "दादा, कागद वर नेलेत."

कमलाच्या शाळेच्या आवारात २०११ मध्ये तिचा पुतळा बसवला. माझ्या वेळी तो नव्हता. त्याच सहकाऱ्यानं फोटो पाठवला आहे, तो या लेखाबरोबर छापायला देत आहे. मागं शाळेची इमारत दिसते. सुट्टीचा दिवस असावा, वर्गाची दारं बंद आहेत.