शिंदळ माकुडीचे वाळविलेले नमुने : एक ऐतिहासिक टिपण

वनस्पतिसंग्रहातील नमुना हा इतिहासाच्या अभ्यासकास दस्तऐवजच होय. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीचे वर्णन डाल्झेल यांनी जुन्नर परिसरातील नमुन्यावरून १८६०च्या दशकात प्रसिद्ध केले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळाले. आता तिची गणना बुसेरोशिया प्रजातीत होते. गव्हर्नर तेवढे ‘फ्रेराय’ या जातिनामात उरले आहेत! पुढे शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडपरिसरांतूनही तिची नोंद झाली. मांसल खोड दाबून वाळविले की त्याचा आकार हरपतो. म्हणून अशा नमुन्यात चिठ्ठीवरील मजकुराचे मोल अधिक. परंतु तीवरील स्थळनिर्देश संशोधकास वाट दाखवितो, तसाच रोप उपटून नेणाऱ्यासही. दुर्मीळ जातींचे नेमके स्थळ सरसकट खुले करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.